कॅरीच्या कॉलेजात, वैजनाथ पंडितांच्या शोधात

बी.डी.च्या, म्हणजे ख्रिस्ती ब्रह्मविद्येच्या पदवीच्या, प्रमाणपत्रावर एका गावाचं नाव असतं, सेरामपूर. शिक्षण पुण्यात होवो, बंगलोरला होवो की जबलपूरला, देशभरातल्या कितीतरी सेमिनरींची (पाळक घडवणाऱ्या विद्यालयांची) पदवी सिनेट ऑफ सेरामपूर कॉलेजकडून येते. माझीही तिथूनच आली. आईला हे आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर वाटायचं. ‘‘एवढ्या जवळ कॉलेज, आणि तू एकदाही गेली नाहीस?’’ असं ती विचारायची. हे गाव कलकत्त्याच्या वरच्या अंगाला हुगळीकाठी आहे आणि बंगाली माणसं त्याला श्रीरामपूरच म्हणतात, हे तिला सांगितल्यावर तिला मोठं नवल वाटलं.

मला नवल वाटत आलं ते त्या कागदामागच्या अधिकाराचं. ब्रह्मविद्येची पदवी देण्याचा हक्क या कॉलेजला डेन्मार्कच्या राजाने दिला. गाव तेव्हा डॅनिशांचं होतं. सहाव्या फ्रेडरिकने 1827 साली सनद दिली. 1845 मध्ये डॅनिशांनी गाव इंग्रजांना विकलं, तेव्हा सनदेतले हक्क करारात राखून ठेवले, आणि 1918 साली बंगालच्या विधिमंडळाने कायदा करून त्यांना नवा आधार दिला. कॉलेज स्थापन झालं 1818 साली. पहिल्या तुकडीत 37 विद्यार्थी होते आणि ते सगळे ख्रिस्ती नव्हते. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तीन इंग्रज मिशनऱ्यांनी ते उभं केलं आणि नाव दिलं गावाचं. कॅरीच्या नावाचं कॉलेज अमेरिकेत आहे, मिसिसिपी राज्यात हॅटिसबर्गला. ते आधी मुलींचं कॉलेज होतं. 1954 साली मुलांनाही प्रवेश देताना त्यांनी विल्यम कॅरी हे नाव घेतलं, आणि 2006 पासून ते विद्यापीठ आहे. कॅरीने भारतात पाऊल ठेवलं त्याला तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं उलटून गेली होती.

बी.डी.नंतर एम.टीएच.ला, म्हणजे त्यापुढच्या पदवीला, विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा मला मराठी बायबलच्या सुरुवातीवर काम करायचं होतं. नगरकडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत वाढलेल्या माणसाला रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं तोंडपाठ असतात, पंडिता रमाबाईंचं नाव घराघरात असतं. पण मराठीतला पहिला नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, कॅरीच्या हातून 1811 साली बंगालमध्ये छापला गेला, हे संडे स्कूलमध्ये आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मार्गदर्शक सरांनी विषय ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘‘कॅरीवर इंग्रजीत कपाटं भरतील इतकं लिहून झालंय. तुम्ही मराठी आहात ना? मग त्याची मराठी वाचा. त्याचा शब्दकोश वाचा. भाषांतर करणारा माणूस बाकी कुठे सापडला नाही तरी त्याच्या शब्दकोशात सापडतो.’’

कॅरीचा मराठी-इंग्रजी शब्दकोश 1810 सालचा, आणि त्यातले मराठी शब्द मोडीत छापलेले. मला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं.

म्हणून सेरामपूरच्या आधी मोडीचा वर्ग लावावा लागला. पुण्यात असे वर्ग सारखे चालू असतात. माझ्या वर्गात जमिनीचे जुने कागद लावू पाहणारे शेतकरी होते, एक वकीलबाई होत्या, दोन इतिहासाचे विद्यार्थी होते. ख्रिस्ती शास्त्र वाचायला मोडी शिकणारी मी एकटीच. शिकवणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की अक्षरं पाठ करून मोडी येत नाही, हात वळला पाहिजे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता खाली अक्षरं लिहीत जायची. शब्द कुठे संपला ते रेघ सांगत नाही, ते अर्थावरून ओळखायचं. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. काना-मात्रा लागली की काही अक्षरं रूपच पालटतात. साधा ‘क’ ओळखता आला म्हणून ‘का’ ओळखता येईलच असं नाही. मी आजोबांच्या वेळचं एक खरेदीखत घरून आणलं होतं, त्यावर सराव केला. गावाचं नाव, मग पणजोबांचं नाव, मग चतुःसीमा, असं ते हळूहळू उलगडत गेलं. ज्या दिवशी अख्खं खत वाचता आलं त्या दिवशी आईला फोन करून वाचून दाखवलं.

दुसरीकडे पत्रव्यवहार चालू होता. कॉलेजच्या आवारात कॅरी लायब्ररी अँड रिसर्च सेंटर आहे, तिथे जुने ग्रंथ जपून ठेवले आहेत. अशा संग्रहाकडे जाताना मोघम विनंती नेऊ नये. मार्गदर्शकांचं पत्र, संस्थेचं ओळखपत्र, विषयाचा एक परिच्छेद आणि हव्या त्या पुस्तकांची नावं सालासकट, एवढं आधी पाठवलं तर दोघांचंही काम सोपं होतं. नावं देताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत मराठीला ‘महराट्टा’ म्हटलेलं असतं, आणि कॅरीसोबत मराठीचं काम करणाऱ्या पंडितांचं नाव कुठे विद्यानाथ, कुठे वैद्यनाथ, तर आपल्या वाङ्मयेतिहासात वैजनाथ असं येतं. एकाच लेखनावर विसंबलं तर अर्ध्या नोंदी हाताला लागत नाहीत. मी सगळी रूपं लिहून एक तक्ता केला होता आणि तो पुढे फार उपयोगी पडला.

पुण्याहून हावड्याला जाणारी गाडी नगर-मनमाड करत नागपूरवरून जाते. नागपूर गेलं तेव्हा मी मुद्दाम जागी होते, कारण हे पंडित नागपूरकडचे.

इथे थोडं मागे जाते, नाहीतर नागपूरचा पंडित बंगालमध्ये कसा पोचला ते कळणार नाही. कॅरीचा जन्म 1761 चा, इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायरचा. जोडे शिवण्याचा धंदा करता करता तो भाषा शिकला. 1793 साली बंगालमध्ये आला. ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून काही वर्षं त्याने निळीच्या कारखान्यावर काढली आणि जानेवारी 1800 मध्ये डॅनिशांच्या सेरामपुरात आसरा घेतला. वॉर्ड छपाई जाणणारा, मार्शमन शिक्षक. त्याच वर्षी छापखाना सुरू झाला. पंचानन कर्मकार या कसबी बंगाली कारागिराने छपाईचे खिळे पाडले आणि 1801 मध्ये बंगाली नवा करार बाहेर पडला. त्या कामामुळेच कंपनीच्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवणाऱ्या, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजने कॅरीला बंगाली शिकवायला बोलावलं. पगार महिना पाचशे रुपये, पुढे प्राध्यापक झाल्यावर हजार. आणि यातला बहुतेक पैसा त्याने मिशनच्या सामाईक खर्चाला दिला.

मराठी आली ती लढाईच्या मागोमाग. 1803 मध्ये कंपनीची शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांशी लढाई झाली, कटक प्रांत भोसल्यांच्या हातून गेला. मराठी मुलखाशी कारभार करायचा तर कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठी हवी होती. ती शिकवायचं कामही कॅरीकडे आलं, आणि मराठीचे मुख्य पंडित म्हणून वैजनाथ शर्मा (त्यांचं आडनाव कानफाडे असंही सापडतं) तिथे होते. एका बाजूला सरकारी पाठ्यपुस्तकं, दुसऱ्या बाजूला शुभवर्तमानाचं भाषांतर, दोन्ही याच दोघांच्या हातून झालं. 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आलं, त्याच साली नव्या करारातलं मत्तयकृत शुभवर्तमान. व्याकरणाच्या प्रस्तावनेत कॅरीने पंडितांचं साहाय्य मोकळेपणाने मान्य केलं आहे. पहिल्या आवृत्तीत मराठी देवनागरीत होती, कारण मोडीचे खिळे तयार नव्हते. मराठी माणूस रोजच्या व्यवहारात मोडी लिहितो हे लक्षात घेऊन त्यांनी मोडीचे खिळे पाडून घेतले आणि पुढची आवृत्ती मोडीत काढली. एखाद्या भाषेच्या लोकांचा इतका विचार त्यांच्या मुलखापासून शेकडो कोस दूर बसून केला गेला, याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

हावड्याहून बँडेलकडे जाणारी लोकल पकडली की अर्ध्या-पाऊण तासात सेरामपूर येतं. स्टेशनबाहेर टोटो, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षा, उभ्या असतात. गाव आता दाट वस्तीचं, गजबजलेलं आहे, पण नदीकडे वळलं की डॅनिश काळ दिसू लागतो. 1806 चं सेंट ओलाफ चर्च अलीकडेच दुरुस्त झालं आहे आणि त्या दुरुस्तीला 2016 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. कॉलेजची जुनी इमारत नदीकडे तोंड करून उभी आहे, समोर उंच आयोनिक खांब, आत ओतीव लोखंडाचा दुहेरी जिना. पलीकडच्या काठावर बराकपूर. तिथे गव्हर्नर जनरलचा बंगला, इथे मिशनऱ्यांचं कॉलेज, मध्ये हुगळी. जिन्यावरून मुलंमुली वर्गाला धावत होती; कला, विज्ञान, वाणिज्य शिकणारी ही मुलं कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षा देतात, आणि त्याच आवारात ब्रह्मविद्येचा विभाग आहे. 1818 च्या जाहीरनाम्यात पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान दोन्ही शिकवण्याचा उद्देश लिहिलेला होता.

वाचनासाठी बसले तेव्हा टेबलावर शब्दकोश आला. जाडजूड ग्रंथ. सोबत फक्त पेन्सिल आणि वही. आणून देणारे दादा म्हणाले, ‘‘दीदी, हे महाराष्ट्रातले लोक पाहायला मागतात, फोटो बघतात, पण वाचत कुणी नाही.’’ मी पान उघडलं आणि माझा सगळा सराव उपरा वाटू लागला. खरेदीखतातली मोडी वाहती असते. बोरूच्या ओघात एक अक्षर दुसऱ्यात शिरतं. छापलेल्या मोडीत प्रत्येक अक्षर सुटं ओतलेलं, एकेकटं उभं. ज्या ओघावरून मी शब्द ओळखायला शिकले होते तो ओघच इथे नव्हता.

पण शब्दकोशाची एक मोठी सोय आहे आणि छापील मोडी शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी ती आवर्जून सांगते. मोडी शब्दाशेजारी इंग्रजी अर्थ असतो. तुम्ही शब्द वाचायचा, अर्थ झाकून ठेवायचा, मग उघडून पडताळायचं. वाचन बरोबर असेल तर अर्थ जुळतो, नसेल तर लगेच कळतं. शिवाय शब्द वर्णक्रमाने लावलेले, म्हणजे पहिलं अक्षर कुठलं हे आधीच ठाऊक असतं. पान-दोन पानं तेच अक्षर वेगवेगळ्या काना-मात्रांनिशी समोर येत राहतं आणि डोळ्यात मुरतं. वहीत मी प्रत्येक अक्षराचा एक तक्ता करत गेले. दुपारपर्यंत वेग आला. दादा मधूनमधून येऊन उभे राहत. त्यांनी एकदा म्हटलं, ‘‘जरा मोठ्याने वाचा ना.’’ मी एक अख्खा रकाना वाचला. ते म्हणाले, ‘‘यातले किती शब्द आमचेही आहेत!’’

वाचताना मला पानाच्या दोन बाजू वेगळ्या ऐकू येऊ लागल्या. इंग्रजी बाजू कॅरीची आहे; आटोपशीर, नेमकी, वनस्पतीचं नाव आलं की रस घेणारी. (वनस्पतिशास्त्र हा त्याचा जिवाचा विषय, 1820 मध्ये त्याने कलकत्त्यात शेती आणि बागायतीची सोसायटी काढली.) मराठी बाजू मात्र कुणा मराठी घरात वाढलेल्या माणसाशिवाय लिहिली जाणं शक्य नाही. घरातले, शेतातले, कचेरीतले शब्द, संस्कृतातून आलेल्याच्या शेजारी फारसीतून आलेला. कॅरीने महाराष्ट्र कधी पाहिला नाही. हे शब्द कुणीतरी त्याच्यासमोर बसून, एकामागून एक, सांगितले असणार. सर म्हणाले होते की भाषांतर करणारा शब्दकोशात सापडतो. मला तिथे दोघे सापडले.

वैजनाथ पंडितांचं काम शब्दकोशाशी थांबलं नाही. त्यांच्या नावावर सिंहासन बत्तिशी 1814 ची, हितोपदेश 1815 चा, राजा प्रतापादित्याचं चरित्र 1816 चं, तिन्ही सेरामपूरला मोडीत छापलेली. प्रतापादित्याचं चरित्र मुळात रामराम बसूंनी बंगालीत लिहिलेलं, तेही 1801 साली कॅरीच्याच छापखान्यातून निघालेलं. म्हणजे बंगाली गद्याच्या पहिल्या छापील पुस्तकांतलं एक, मराठी गद्याच्या पहिल्या छापील पुस्तकांतलं एक झालं. मुंबईत मराठी छपाईने जोर धरण्याच्या आधीची ही गोष्ट.

आता भाषांतराबद्दल माझं मत सांगते. 1811 चा नवा करार ज्यांच्यासाठी केला त्यांच्यापर्यंत फारसा पोचला नाही. 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी तो वापरण्याऐवजी नव्याने भाषांतर सुरू केलं आणि त्यांचा नवा करार 1826 मध्ये आला. याचं खापर अनेक जण कॅरीने एकाच वेळी फार भाषा हाती घेतल्या यावर फोडतात. ते खरं आहेच. सेरामपूरहून चाळीसच्या आसपास भाषांत शास्त्राचे भाग निघाले, त्यात कोकणी नवा करारही होता. पण मला दुसरं कारण जास्त मोठं वाटतं. सेरामपुरात मराठी मंडळी नव्हती. शास्त्रपाठ मोठ्याने वाचला जावा, कुणा आजीने मान हलवावी, कुणी म्हणावं की ‘‘आमच्याकडे असं नाही बोलत,’’ आणि भाषांतरकाराने ते लिहून घ्यावं, ही जागाच तिथे नव्हती. नागपूरकडची मराठी जाणणारा एक पंडित आणि ऐकून शिकलेला एक इंग्रज, एवढ्यांवर सगळा भार. पंडिता रमाबाईंनी केडगावला भाषांतर केलं तेव्हा भोवती मुक्ती मिशनमधल्या शेकडो मराठी बायका होत्या. त्यांचं बायबल 1924 मध्ये तिथेच छापून पूर्ण झालं, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी.

आणि म्हणून मला कॉलेज हे कॅरीच्या भाषांतराचंच पुढचं पाऊल वाटतं. 11 मार्च 1812 च्या रात्री छापखान्याला आग लागली. कॅरी कलकत्त्यात होता. अनेक भाषांच्या तौलनिक शब्दकोशाची हस्तलिखितं, भाषांतरांचे कागद, खिळे, सगळं गेलं. राखेतून खिळ्यांचे मूळ ठसे मात्र शाबूत निघाले आणि काही महिन्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. त्याच माणसांनी सहा वर्षांनी कॉलेज काढलं, आणि हा देश शिकवायचा, सांगायचा तर इथल्याच माणसांनी, इथल्या भाषांत, हा विचार त्याच्या मुळाशी ठेवला. आपण परकी माणसं भाषांतर कितीही नेटाने केलं तरी कुठे कमी पडतो, हे कॅरीइतकं कुणाला कळलं असेल? दरवर्षी मिझो, तमिळ, मराठी, खासी बोलणारी मुलं त्याच सनदेखाली पदव्या घेतात आणि आपापल्या भाषेत उपदेश करतात. प्रबंधात मी हाच मुद्दा मांडला, आणि तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न यावरच आले. परीक्षकांपैकी एकांचं म्हणणं होतं की मी वैजनाथ पंडितांना पुराव्यापेक्षा जास्त श्रेय देते. मी वहीतल्या नोंदी पुढे ठेवल्या आणि सांगितलं की ज्याला हे श्रेय जास्त वाटतं त्याने शब्दकोशाची मराठी बाजू वाचावी.

परतण्याआधी मिशनच्या दफनभूमीत गेले. तिघेही तिथेच आहेत. वॉर्ड 1823 मध्ये गेला, कॅरी 9 जून 1834 ला, मार्शमन 1837 मध्ये. वैजनाथ पंडितांचा जन्म कधीचा, ते कलकत्त्याहून नागपूरला परतले का, त्यांचं घराणं पुढे कुठे गेलं, यातलं काहीही मला सेरामपुरात मिळालं नाही. आता उत्तर नागपूरकडेच शोधायचं आहे. भोसलेकाळातले मोडी कागद आजही तिथल्या कितीतरी घरांत आणि दप्तरांत आहेत. कुणाच्या घरी शर्मा किंवा कानफाडे आडनावाच्या, फोर्ट विल्यमला नोकरीस गेलेल्या पंडिताचा उल्लेख असलेला कागद असेल, तर तो फेकू नका, पुसू नका, चिकटपट्टी लावू नका. मोडी वाचता येत नसेल तर मी येऊन वाचून देईन.